आप्पांचा व्यायाम किसन करतो

किसन ओसरीवर बसला होता. दोन्ही घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून तो पाय वर-खाली करत होता. ज्यांच्यासाठी मी त्या पिशव्या शिवून घेतल्या होत्या, ते आप्पा समोर बाजेवर लोडाला टेकून मोठ्यानं आकडे मोजत होते.

"एकोनतीस... तीस. झालं. सोड बे आता."

किसननं पिशव्या सोडल्या. आप्पांचे थोरले चिरंजीव शंकरराव वही घेऊन उभे होते. त्यांनी वहीत एक रेघ ओढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एक दिवस खाडा नाई साहेब. तुम्ही सांगतलं अगदी तसं."

मी सायकल भिंतीला लावायची विसरलो आणि तशीच हातात धरून उभा राहिलो.

किसन हा त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. चाळिशीचा माणूस, ज्वारीचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा. आप्पांचं वय शहाऐंशी. व्यायाम मी आप्पांना सांगितला होता.

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाची. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होतो. हा शब्द तेव्हा जिल्ह्यात फक्त मला आणि माझ्या नेमणुकीच्या कागदाला माहीत होता. निम्मे लोक मला मालिशवाला समजत. आमचा कंपाउंडर ओळख करून देताना "हे कसरतीचे डॉक्टर" म्हणायचा, आणि मग पेशंट माझे दंड बघून निराश व्हायचे. मी पहिल्यापासून काडीपैलवान आहे.

आप्पा देऊळघाटचे. घरची चांगली शेतीवाडी, दोन मुलं, सुना, गोठ्यात सहा बैल. न्यूमोनिया होऊन ते महिनाभर आमच्या वॉर्डात होते. छाती मोकळी झाली, ताप गेला, डिस्चार्जचा कागद तयार झाला. आणि आप्पांना खाटेवरून उठता येईना.

यात नवल काही नाही. अंथरुणावर पडून राहिलं की स्नायू झिजतो. तरुण माणसाचा झिजला तर चार भाकरी जास्त खाऊन आणि हिंडून-फिरून भरून येतो. ऐंशीच्या पुढं तसं होत नाही. तिथं तो एकदा उतरायला लागला की उतरतच जातो, आपणच आडवं येऊन थांबवावा लागतो. सगळ्यात आधी जातो तो मांडीच्या पुढचा मोठा स्नायू. बसलेला माणूस उभा राहतो तो त्याच्या जोरावर. आप्पांच्या मांड्या तेव्हा माझ्या मनगटाहून थोड्याच जाड होत्या.

मी आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. ते पुण्याकडचे, कामाला चोख, पण बोलताना समोरच्याला उभं आडवं कापायचे.

"वजन द्यायचं म्हणता? शहाऐंशी वर्षांच्या माणसाला?"

"अर्धा किलो, साहेब."

"एवढ्यानं काय होणार?"

"एकदा उचलून काही नाही होणार. सावकाश तीस वेळा उचललं तर होईल."

"आणि हाड मोडलं तर?"

"अर्ध्या किलोनं मोडायचं असतं तर तांब्या उचलतानाच मोडलं असतं."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना उलट बोललेलं आवडत नसे आणि मला गप्प बसणं जमत नसे, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

"तीन महिने देतो," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी ओपीडीत आणा. माझ्यासमोर उकिडवं बसून, कोणाचा हात न धरता उठले तर ठीक. नाहीतर बाहेर जाणं बंद. घरातच बेडपॅन. बांधावर पडून खुबा मोडला तर पुढं त्या वयात माणूस वाचत नाही."

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. तेव्हा गावात घराघरात संडास नव्हते. पाटील असो की सालदार, सकाळी लोटा घेऊन बाहेर जायचं आणि उकिडवं बसायचं. ज्याला बसून उठता येत नाही त्याला कोणीतरी धरून न्यायचं, नाहीतर अंथरुणातच भांडं द्यायचं.

त्या दिवशी वॉर्डात कोणी नाही असं पाहून आप्पांनी मला जवळ बोलावलं. गलमिशा, करडा आवाज. सगळा वॉर्ड त्यांना वचकून असे. पण त्या वेळी ते हळू बोलले.

"साहेब, तुम्हाले खरं सांगतो. दोन पोरं मले दोन्हीकून काखेत हात घालून मांगं नेतात. एक इकून, एक तिकून. मले बसवतात अन् तोंड फिरवून उभे राह्यतात. तवा वाटते का छातीतच गेलो असतो तं बरं झालं असतं. अन् ते भांडं. माही सून त्याले हात लावीन? ते नाई साहेब. तुम्ही मले मारा, पन उठता-बसता करा."

इतका मोठा माणूस, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "करू आप्पा." म्हणताना मला त्यांच्या घरच्यांची ओळख नव्हती.

उपाय साधा होता. वजन हलकं, पण उचलायचं दमेपर्यंत. पंचविसाव्याला पाय थरथरायला लागला पाहिजे आणि शेवटचे पाच नको म्हणत झाले पाहिजेत. स्नायूला वजनाचा आकडा कळत नाही, त्याला दमणं कळतं. दुसरं, पाय वर नेण्यापेक्षा खाली आणताना सावकाश आणायचा. तो बेतानं खाली सोडण्यातच निम्मा व्यायाम असतो. रहीमचाचा म्हणून एक शिंपी होते, त्यांच्याकडून मी मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, नदीची वाळू चाळून भरली, आणि शंकररावांना सगळं समजावून दिलं. ते मान डोलवत होते. जो माणूस इतकी मान डोलवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे मला पुढं कळलं.

तर तीन आठवड्यांनी मी देऊळघाटला गेलो आणि ओसरीवर किसन.

"शंकरराव, व्यायाम आप्पांनी करायचा होता."

"त्याईच्याच नावानं होऊन राह्यला ना साहेब."

"नावानं म्हणजे?"

"सकायी आप्पा हातावरून पानी सोडतात. संकल्प त्याईचा. मंग किसन करते." मला कळत नाही असं पाहून त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आता पाहा. आप्पाचा सोमवार आमची मंडळी धरते. आप्पाचा अभिषेक गुरव करते. मांगच्या साली मारुतीभोवती लोटांगन घालाचा नवस होता आप्पाचा. तोई किसननंच फेडला. अन् आप्पाचा खोकला गेला का नाई?"

"गेला ना," बाजेवरून आप्पा म्हणाले. त्यांचाही या हिशेबावर विश्वास होता की पोरांपुढं बोलायची सोय नव्हती, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

"अहो, पण यात पाय आप्पांचे आहेत."

"मंग काय शहाऐंशीचा बाप पायाले वजन बांधून उचलते अन् पोरगं उभं राहून पाह्यते, हे गावाले दाखवू? कोनाले तोंड दाखवाले जागा राहीन का मले?"

मी किसनकडे वळलो. म्हटलं, निदान याला तरी यातला विनोद कळेल. "तुला काय वाटतं रे?"

किसननं गंभीरपणे विचार केला. "फरक हाये साहेब. पायात लय ताकद आली."

मी तिथल्या तिथं पिशव्या आप्पांच्या पायांना बांधल्या. अठराव्यालाच त्यांचा पाय लटपटला. वीसवर थांबवलं. दोन्ही मुलं आणि दोन्ही सुना आपल्याच पायाला काही झाल्यासारखी बघत होती. मी सगळ्यांना सज्जड दम भरला आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात आप्पा स्वतः करत होते. किसन खाली बसून त्यांची टाच तळहातावर घेऊन वर उचलत होता. "तो फकस्त हात लावते," शंकरराव म्हणाले. मी किसनला गोठ्यात पाठवला आणि ताकीद दिली की व्यायामाच्या वेळी आप्पांना कोणीही शिवायचं नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आप्पांनी तीस केले. दम नाही, थरथर नाही. मी खूश झालो. मग पिशवी सोडायला हात लावला, तर ती उशीसारखी मऊ. आत कापूस. थोरल्या सूनबाई दारामागून म्हणाल्या, "पायाले बंद रुतत होते मामाजीच्या. मले पाहवलं नाई जी." त्यांनी वाळू ओतून टाकली होती, सरकी काढलेला कापूस भरला होता आणि वरून टाका असा घातला होता की रहीमचाचांनीही वाहवा केली असती.

मला संताप आला. पण रागवायचं कोणावर? वाईट माणसाशी भांडता येतं. इथं तर अख्खं घर आप्पांवर जीव टाकत होतं. ते नुसते हलले की चार हात पुढं यायचे. पाण्याचा तांब्या ओठापर्यंत यायचा. पागोटं दुसरा बांधायचा. त्या मायेत आप्पांची उरलीसुरली मांडीही वितळत चालली होती, आणि दीड महिना संपला होता. घरी येऊन मी बायकोवर चिडलो. तिनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, लोक फार चांगले आहेत. तिनं पुढं विचारलं नाही.

पुढच्या वेळी मी ठरल्या दिवसाच्या आधीच गेलो. ओसरीवर पुन्हा किसन, पायांना मी परत वाळू भरून दिलेल्या पिशव्या. संकल्प केलेलं अनुष्ठान मधेच मोडायचं नाही म्हणून त्याचा व्यायाम वेगळा चालूच होता. पण त्या दिवशी त्याला उसाला पाणी द्यायला जायचं होतं, म्हणून तो भराभर उरकत होता. आणि आप्पा खवळले होते.

"काय करून राह्यला बे? माशा हाकलून राह्यला का? साहेबानं काय सांगतलं? खाली आनतानी दमानं. आन इकडं."

त्यांनी एक पिशवी ओढून घेतली, स्वतःच्या घोट्याला करकचून बांधली आणि पाय उचलला. वर थांबवला. इतका सावकाश खाली आणला की माझ्या कॉलेजच्या मास्तरांनी उभं राहून पाहिलं असतं. "असा. दिसला का? आता पुन्ना पाह्य." दहा-बारा वेळा केलं. शेवटी पाय थरथरला, तसं ओरडले, "अन् थरथरला तरी सोडाचा नाई."

शंकरराव शेजारीच उभे होते. त्यांनी अडवलं नाही. हात जोडून अदबीनं पाहत होते. कारण आप्पा व्यायाम करत नव्हते. आप्पा गड्याला काम शिकवत होते. मालकानं मेहनत करणं ही घराची नामुष्की. पण गड्याला काम दाखवणं हा मालकाचा मान, मग तो शंभरीचा का असेना. तिथं मधे हात घालायची कोणाची छाती नव्हती.

मी किसनला गोठ्यात गाठलं.

"किसन, उद्यापासून व्यायाम वाईट करायचा."

"मंजे?"

"घाईनं. पाय वाकडा. मधेच विसरायचं. आप्पांनी दाखवलं की पुन्हा चुकायचं."

"नाई साहेब." त्याचा चेहरा उतरला. "बावीस वर्सं झाले मले या घरी. कामचुकार असं अजून कोनी म्हनलं नाई."

"आप्पांना भांडं द्यायची वेळ यावी असं वाटतं का तुला?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "शिव्या पडतीन."

"पडतील."

"रोजच्या?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मंग तुम्ही मांगून शंकरभाऊले सांगान. खरं काय ते."

"सांगीन. शब्द देतो."

किसनच्या अंगात असला नट लपला आहे हे त्यालाही माहीत नसावं. दुसऱ्या दिवसापासून त्याला डावा-उजवा कळेना. आप्पा दाखवायचे, तो बघायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा पाय झटकायचा. "डोकं हाये का मडकं?" असं म्हणत आप्पा पुन्हा पिशवी बांधून दाखवायचे. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. पिशव्यांत वाळूच राहिली. त्या आता किसनच्या पिशव्या होत्या, आणि किसनच्या घोट्यांची कीव घरात कोणालाच येत नव्हती.

मग मी दुसरा व्यायाम दिला, अर्थात किसनला. बाजेवर बसायचं आणि हात न टेकता उभं राहायचं. ते झालं की बाजेऐवजी ठेंगणं स्टूल. मग पाट. मग जमीन. जितकं खाली बसाल तितकं उठायला मांडीला जास्त काम. वजन आपल्याच अंगाचं, वेगळं काही लागत नाही. किसनला स्टुलावरूनसुद्धा उठता येईना. तो हात टेकायचा, कलंडायचा, एकदा तर खरोखरच आडवा झाला. आप्पा कपाळाला हात लावून उठायचे आणि दाखवायचे. स्टूल झालं, पाटही झाला. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक ओसरीशी जमू लागले. किसन इतका ठोंब्या कसा निघाला हा गावात चर्चेचा विषय झाला. त्याच्या बायकोनं त्याच्यावरून मिरची-मीठ उतरवून चुलीत टाकलं.

इथवर मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होतो. मग एक दिवस शंकरराव मला वेशीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पाडव्यापासून किसनले ठेवत नाई."

सालदारांची वर्षाची बोली पाडव्याला ठरते. मी विचारलं, "का?"

"ज्याले बसून उठता येत नाई, तो वावरात काय दिवे लावीन? आप्पाचा जीव खाऊन राह्यला तो."

पाडव्याला पंधरा दिवस होते आणि तपासणीला आठ. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी आप्पा पुन्हा लोडाला टेकवले गेले असते. मी गप्प बसलो. त्या आठ दिवसांत किसन दिसला की मी दुसरीकडं बघायचो. मला माझी लाज वाटत होती.

तपासणीच्या दिवशी त्यांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, ओपीडीच्या दारात आली. किसननं बैल हाकले होते. दोन्ही मुलांनी आप्पांना दोन बाजूंनी धरून आत आणलं. साहेब म्हणाले, "सोडा त्यांना. आजोबा, बसा उकिडवे."

आप्पा बसले.

"आता उठा. कोणी हात लावायचा नाही."

आप्पांनी जोर केला. ढुंगण उचललं गेलं, गुडघे थोडे सरळ झाले आणि तिथंच अडले. मांड्या थडथड उडायला लागल्या. घरी शिकवणी होती. इथं परीक्षा होती, आणि समोर साहेब. दोन्ही मुलांचे हात आपोआप पुढं आले. साहेबांनी पेन उचललं. आता ते भांडं लिहिणार हे मला दिसलं.

आप्पांची नजर भिरभिरली आणि दारात उभ्या किसनवर थांबली. किसनचे दोन्ही हात छातीशी, तोंड उघडं.

"पाह्य बे," आप्पा दातओठ खाऊन म्हणाले. "हात नाई टेकाचा. असं उठाचं."

आणि उठले. ताठ. मग पागोटं सावरून साहेबांना म्हणाले, "दीड मयना झाला, या गाढवाले येत नाई."

साहेबांना कोण गाढव आणि काय येत नाही ते कळलं नाही. त्यांनी शंकररावांना विचारलं, "घरी काय काय केलंत?"

"काईच नाई साहेब," शंकरराव अभिमानानं म्हणाले. "आप्पाले इकडची काडी तिकडं करू देल्ली नाई."

साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं: पूर्ण विश्रांतीने उत्तम सुधारणा. तो केसपेपर पुढं कित्येक वर्षं माझ्या डोक्यात होता.

बाहेर आल्यावर मी शंकररावांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. किसन बैल जुंपायचं सोडून खाली मान घालून उभा राहिला. शंकररावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. बाप बरा झाला याचा आनंद नाही, काही नाही.

"मंजे तुम्ही दोघायनं माह्या बापाकून दीड मयना मेहनत करून घेतली? माह्या देखत?"

"हो," मी म्हणालो. "म्हणून उठले."

"अन् हे गावाले समजलं तं?"

तेवढ्यात आप्पा दमणीच्या चाकाला हात न लावता, पायरीवर पाय देऊन एकटे वर चढून बसले. त्यांनी आमचं किती ऐकलं होतं कोण जाणे.

"शंकर," ते वरून म्हणाले, "किसनले सोडाचं नाई. त्याचं शिक्षन अर्धंच झालं."

किसनची बोली त्या पाडव्यालाच नाही, पुढचे चारही पाडवे झाली. तितकी वर्षं आप्पा जगले. रोज सकाळी लोटा घेऊन एकटे बाहेर जायचे, आणि परत आले की किसनला तीस वेळा पाय कसा उचलायचा ते शिकवायचे. त्यांच्या घरात भांडं आलं नाही. आप्पा गेले ते झोपेत, आणि आदल्या संध्याकाळी किसनला आकडे चुकल्याबद्दल बोलणी बसली होती, असं किसननंच मला सांगितलं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला.

पुढं नोकरीची बावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांना व्यायाम देताना मी वजन किती, वेळा किती, हे नंतर सांगायचो. आधी घरच्यांना विचारायचो, यांची बोलणी खाऊन घेईल असं घरात कोण आहे? व्यायाम मी त्याला द्यायचो.